आई तांब्या उचलू नकोस

आई, बाबा,

फोनवर बाबा "बरंय, जेवलीस का" एवढंच बोलतात आणि फोन लगेच आईकडं. मागाच्या खडखडाटामुळं घरीपण ओरडूनच बोलणारा माणूस हा! म्हणून लिहितेय. आई, मोठ्यानं वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.

बाबा, तुमचे दोन्ही वर्षांचे रिपोर्ट काल रात्री शेजारी शेजारी ठेवून बघितले. फुंकायच्या टेस्टचा आकडा गेल्या वर्षीएवढाच, टूडी इकोत हार्टचं पंपिंगपण तेवढंच. मग सहा मिनिटं चालायच्या टेस्टला गेल्या वर्षी ३४० मीटर गेलात आणि यंदा २५५, हे कसं काय?

डॉक्टरांनी ते ९ प्रश्न विचारले, मागच्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नव्हतं का वगैरे, तर तुम्ही भडकलात, "मला काय वेड लागलंय का". २७ पैकी १४ आले. १० किंवा त्याच्या पुढं गेलं की डिप्रेशन आहे का ते नीट तपासतात. आम्हाला कळलंच नाही, कारण थकवा, झोप नाही, भूक नाही हे सगळं आम्ही सीओपीडीच्या, त्या फुप्फुसाच्या जुन्या आजाराच्या खात्यात टाकत बसलो. पण गड्ड्याच्या जत्रेला नंदीध्वज बघायला मी स्कूटरवर नेते म्हटलं होतं, तरी नको म्हणालात, तिथं कुठं चालायचं होतं? तेव्हाच खटकायला पाहिजे होतं मला.

दम लागेल म्हणून बसून राहायचं, बसून बसून मांड्यांची ताकद जाते, मग चार पावलांतच दम लागतो, मग अजून भ्या वाटतं. त्यात मन खचलं की उठावंसंच वाटत नाही.

आणि आई, पाण्याचा तांब्या, गोळ्या, पेपर सगळं खुर्चीत नेऊन देतेस ना, ते बंद कर. तांब्या स्वयंपाकघरातच राहू दे. "मनाला लावून घेऊ नका" हेपण नको म्हणूस, त्यांना काय हौस आहे का.

फिजिओथेरपिस्टकडं व्यायामाला जायचंय, आणि कंबर तलावाला चालायला, ऊन चढायच्या आत, ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडत. मनाची गोळी दिलीच तर हार्टच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवूनच घ्या, गुण यायला काही आठवडे जातात, तिसऱ्या दिवशी "काय फरक नाही" म्हणून बंद करू नका.

शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येतेय. शेंगाचटणी संपलीय, करून ठेव आई. बाबा, दार तुम्ही उघडायचं, वेळ लागू दे, मी थांबते बाहेर.

तुमची,
ताई