बुलेटचं बोअर करण्याआधी

रामबाग, इंदूर
१८ जानेवारी

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. बुलेटचं बोअर करायचं, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा पिस्टन घालायचं ठरवलंयस हे वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला. थांब रे बाबा, हेड खोलू देऊ नकोस! गाडी तापते, चढावर दम सोडते, सायलेन्सरमधून फुटफुट करते, पण ऑइल कमी होत नाही आणि धूरही नाही, हे तूच लिहिलंयस. रिंगा गेल्या असत्या तर ती ऑइल प्यायला लागली असती. मला वाटतं, तुझ्या गाडीची ठिणगी उशिरा पडतेय.

एवढं ठासून लिहितोय, कारण गेल्या पावसाळ्यात माझ्या १९८४ च्या बुलेटने हेच नाटक केलं. चोरलहून परत येताना भेरूघाटात. आपण दोघं पाठीवर पिशव्या घेऊन तो घाट तिसऱ्या गिअरमध्ये गाणी म्हणत चढायचो, आठवतं ना? या वेळी दुसऱ्यात रखडत वर आलो. सिमरोळला थांबून पाहिलं तर सायलेन्सरचा बेंड जांभळा पडलेला. उशिरा पेटलेलं मिश्रण पिस्टनला ढकलायच्या ऐवजी जळत जळत बाहेर जातं, म्हणून ताकद कमी आणि बेंड तापून जांभळा. पण हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

एका मिस्त्रीकडे टाकली. नाव लिहीत नाही. माणूस वाईट नाही, पण हात आधी चालतात, कान नंतर. प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा धुतला. शेवटी प्लॅटिना, म्हणजे ज्याच्या उघडण्याने ठिणगी पडते तो पॉइंट, घासून चांगला ऐसपैस उघडून दिला. "ले भिया, अब मक्खन चलेगी." दुसऱ्या दिवशी सकाळी मी किक मारली आणि किकने मला मारलं. घोटा आठ दिवस सुजलेला. आईचं एकच पालुपद, विकून टाक ते भंगार.

पाय बादलीत घालून बसल्यावर डोकं चालायला लागलं. कालपर्यंत जी गाडी उशीर करत होती ती एका रात्रीत घाई का करायला लागली? मधे बदललं काय, तर फक्त पॉइंटचा गॅप, म्हणजे तो उघडल्यावर पडणारी फट. तिथेच कोडं सुटलं. पॉइंटची फायबरची टाच त्याला उघडणाऱ्या फिरत्या कॅमवर घासत असते. तिथे ग्रीसचा ठिपका नसला की ती झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो आणि ठिणगीही उशिरा पडते. गॅप जास्त ठेवला तर उलट, पॉइंट लवकर उघडतो. म्हणजे ज्याने गॅपला हात लावला त्याने टायमिंगलाही, म्हणजे ठिणगीच्या वेळेलाही, हात लावला, त्याला कळो वा न कळो. माझ्या गाडीत झिजलेल्या टाचेने उशीर केला होता. मिस्त्रीने तो भरून काढला आणि वर आणखी दुप्पट घाई करून ठेवली. पिस्टन वर येत असतानाच भडका, मग किक उलटी येणारच. झोका आपल्याकडे येत असताना ढकलला तर हात मुरगळतो, तसंच.

पॉइंट आणि कॅम ज्यात बसतात त्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडल्यावर मी काय केलं ते सविस्तर सांगतो, तुला तेच करायचंय. प्लग काढ, टॉप गिअर टाक आणि मागचं चाक हळूहळू पुढे फिरव. किकपेक्षा हे फार सोपं पडतं. पॉइंट सगळ्यात जास्त उघडतो तिथे थांबून फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, गॅप मोज. ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवा. आपले मिस्त्री पंधरा थाउ (इंचाचे हजारावे भाग) म्हणतात तेच. आधी हा गॅप. टायमिंग त्यानंतरच, उलट क्रमाने केलंस तर सगळी मेहनत पाण्यात.

मग कॉम्प्रेशनचा स्ट्रोक शोध. टॅपेटचं झाकण काढून पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, बोटांनी फिरवून बघ. दोन्ही मोकळे फिरले म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. ३५० सीसीच्या बुलेटला पिस्टन सगळ्यात वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे असताना पॉइंट उघडायला सुरुवात व्हायला हवी. क्रँकवर ते साधारण दहा अंश होतात. प्लगच्या भोकातून स्पोक घालून मोजतात, पण भोक तिरकं आहे, तेव्हा स्पोक आत अडकवून चाक फिरवू नकोस. उघडायचा क्षण अँपिअर मीटर सांगतो: चावी चालू ठेव, पॉइंट बंद असेपर्यंत काटा डिस्चार्जकडे झुकलेला असतो, उघडला की टुणकन मधे येतो. मला तो काटा बघायला फार आवडतं, उगाच चारदा फिरवून बघतो. जुळत नसेल तर डिस्ट्रिब्युटरचे नट ढिले करून बॉडी फिरव, पण अगदी केसभर. तो कॅम इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथला एक अंश क्रँकला दोन अंशांचा पडतो.

आता मी ज्याच्यापायी फसलो असतो ते. गॅप नि टायमिंग बसवलं, किक शहाण्यासारखी झाली, पण बायपासवर साठच्या पुढे गाडी पुन्हा मेली. मिश्रण जळायला थोडा का होईना वेळ लागतोच. १००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ६००० अंश फिरतो, ४००० ला २४,०००. जळायचा वेळ त्या मानाने घटत नाही, म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडायला हवी. ते काम डिस्ट्रिब्युटरच्या आतली दोन वजनं आणि स्प्रिंगा करतात, वेगाने वजनं बाहेर फेकली जाऊन कॅम पुढे सरकतो. माझी वजनं गंजून चिकटली होती. कॅम बोटांनी त्याच्या दिशेने फिरवून सोड. चटकन मागे आला तर ठीक. नाही आला तर बघ: वजनं आत चिकटली असतील तर सुरू नीट होईल पण वेगात मरेल, बाहेर चिकटली असतील तर वेगात छान आणि किकला लाथ. घासलेट, ब्रश आणि थोडं तेल, माझं एवढ्यावर भागलं.

एक खूण मात्र वेगळी ठेव. गार असताना गाडी सरळ आणि तापल्यावरच मिसिंग करत असेल तर टायमिंगच्या मागे लागू नकोस, कंडेन्सर (पॉइंटवरच्या ठिणग्या शोषणारा छोटा डबा) किंवा कॉइल बघ. पॉइंट काळे पडून तिथेच जोरात चटचट ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सरच.

व्हॉल्व्हचं टायमिंग, म्हणजे ते उघडण्या-मिटण्याची वेळ, कुणी कव्हर खोलून गिअर काढले नसतील तर आपल्या बुलेटमध्ये आपोआप सरकत नाही. तुझ्या मारुतीचं तसं नाही, तिथे बेल्ट आहे. तो शेवटचा कधी बदलला ते आठवत नसेल तर याच आठवड्यात बदल.

तुझ्याकडे फीलर गेज नसणार, म्हणून सियागंजातून एक घेऊन ठेवलाय. विनूची मुलगी परवाच्या बसने पुण्याला येतेय, तिच्याबरोबर पाठवतो, सोबत काकूंसाठी लवंगवाली शेव. शेव तू संपवू नकोस. गॅप किती निघाला ते आधी कळव, फोन न करता लिहून, आकड्यासकट. मिस्त्रीला तोवर सांग, मित्र येतोय.

तुझा,
बापू