एक-पाच-तीन-सहा-दोन-चार

फ्लिंट, मिशिगन

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर घसा दाटून आला, म्हणून निम्मंच सांगून झालं. बाकीचं लिहून पाठवते. दादाला वाचून दाखवायला सांगा.

इथल्या आजोबांची गाडी रविवारी सुरू झाली.

आई, तू त्यांना व्हिडिओ कॉलवर नमस्कार करायचीस आणि तेही हात जोडायचे, एवढीच तुमची ओळख. पण चार वर्षं माझे सगळे शनिवार त्यांच्या गॅरेजमध्ये गेले. ते गेल्यावर तू म्हणालीस, 'परक्या माणसाला केवढा जीव लावलास गं.' तेव्हा मला बोलता आलं नाही.

गाडी १९५१ ची शेवरोले ३१०० पिकअप. समोरची काच दोन तुकड्यांची, सेल्फ पायाने दाबायचा, इंजिन सहा सिलिंडरचं. आजोबांची सगळी नोकरी इथल्याच मोटार कारखान्यात झाली. त्यांचे वडीलही तिथलेच. १९३६-३७ च्या संपात कामगार ४४ दिवस कारखान्यातच ठिय्या देऊन बसले होते, त्यांतले ते एक. आपल्या मुंबईत शिवडीलाही १९२८ पासून शेवरोले जोडायचा कारखाना होता, हे मी सांगितलं तेव्हा आजोबा इतके हरखले की येईल त्या प्रत्येकाला ते सांगत सुटले.

बाबा, आता तुमच्यासाठी. पहिल्याच शनिवारी आजोबा डिस्ट्रिब्यूटरच्या वायरी लावत होते आणि सिलिंडर पेटायचा क्रम स्वतःशी पुटपुटत होते, 'वन, फाइव्ह, थ्री...' माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'सहा, दोन, चार.' तुम्ही डेपोतून आल्यावर मोरीत हात धुताना हेच म्हणायचात. लेलँडच्या गाडीचं काही काम डोक्यात घोळत असलं की जास्तच. लहानपणी मला तो जप वाटायचा. आजोबांनी पाना खाली ठेवला आणि विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? मी म्हणाले, वडिलांनी. आणि मग मला फार भरून आलं, कारण तुम्ही तर मला वर्कशॉपच्या दारातूनच परत पाठवायचात. 'हात काळे करू नकोस, अभ्यास कर.' त्याचा राग मी किती वर्षं धरला होता, ते तुम्हाला कधी बोलले नाही.

ह्या इंजिनात पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडला तयार बेरिंग बसवत नाहीत. कथलाचा मऊ धातू वितळवून रॉडवरच ओतलेला असतो. (आई, कल्हईवाल्याचं कथील आठव.) तो झिजला की बेरिंगची टोपी उघडायची, कडेच्या पातळ पत्र्यांतली एक काढायची, पुन्हा आवळायचं आणि क्रँक हाताने फिरवून बघायचा. जड वाटला तर पत्री परत घालायची. रॉडच्या तळाशी पळीसारखं टोक असतं, ते फिरताना तेल उचलून घेतं. सहा रॉडना मला सहा शनिवार लागले. आजोबांनी एकदाही माझ्या हातातला पाना काढून घेतला नाही. माझं चुकत असलं तरी ते स्टुलावर बसून राहायचे आणि म्हणायचे, 'पुन्हा फिरव. बोटांना काय कळतंय, सांग.'

गेल्या हिवाळ्यात ते गेले. आजी म्हणाल्या, गाडी घेऊन जा. मी म्हटलं, पुरी इथेच करते.

हौद्याच्या दोन फळ्या त्यांनी आधीच कापून ठेवल्या होत्या. मागच्या बाजूला पेन्सिलीने मापं लिहिलेली, एक खोडून दुरुस्त केलेलं. सगळा हौदा रंगवला, पण त्या दोन फळ्यांची खालची बाजू तशीच ठेवली, फक्त जवसाचं तेल चोळलं. गाडीखाली आडवं झालं की अक्षर दिसतं. सगळे म्हणत होते, बारा व्होल्ट करून टाक. मी ऐकलं नाही. आजोबांना सहाच हवे होते, आणि तारा जाड घातल्या तर सहा व्होल्टवर इंजिन छान उचलतं.

वायरी मात्र मी मराठीत मोजून लावल्या.

रविवारी तिसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. आजी शेजारी बसल्या होत्या. दफनभूमीपर्यंत आम्ही दुसऱ्या गिअरमध्येच गेलो. तिथे पोहोचल्यावर मी चावी बंद करायला गेले, तर आजींनी माझा हात धरला. 'राहू दे चालू,' म्हणाल्या. आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसून होतो.

बाबा, एक काम आहे. व्हॉल्व्हचे टॅपेट मी इंजिन गरम असताना, चालू ठेवूनच लावलेत, तरी बारीक टिकटिक येतेय. आवाज रेकॉर्ड करून दादाच्या फोनवर पाठवलाय. कानातलं मशीन लावून शांतपणे ऐका आणि सांगा, कितव्या सिलिंडरचा आहे. मला तिसरा वाटतोय. तुमचं उत्तर आल्याशिवाय झाकण उघडणार नाही.

आई, गुडघ्याचं औषध चुकवू नकोस.

तुमची,
मनू