शिकारी चाकू निवडताना पोलादाचे पाणी पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील शिकारी चाकूंविषयीचा लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती. परंतु दहा-बारा इंचांचे पाते, पाठीला करवतीचे दाते आणि मुठीच्या टोकाला होकायंत्र अशा ज्या चाकूची लेखकाने मनापासून शिफारस केली आहे, तो सिनेमात शोभतो, कामाला येत नाही. माझी उभी नोकरी पोलादाच्या उष्णोपचार खात्यात गेली असल्यामुळे याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडे हौसेची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे हा विषय खऱ्या अर्थाने लागू पडतो तो अमेरिका किंवा स्वीडनसारख्या देशांत राहून रीतसर परवान्याने, ठरलेल्या हंगामात हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या मराठी मंडळींना. मात्र चाकू पारखण्याचे आणि राखण्याचे नियम डोंगरात भटकणाऱ्याला किंवा शेतावर राहणाऱ्यालाही तेवढेच उपयोगी आहेत.

शिकारी चाकूचे काम जनावर पडल्यानंतर सुरू होते. पोट उघडून आतडी काढणे, कातडे सोलणे आणि सांध्यांतून मांस सुटे करणे या कामांना तीन ते साडेचार इंचांचे पाते पुरते. त्याहून लांब पात्याचे टोक नेमके कुठे आहे, हे जनावराच्या पोटात हात असताना कळत नाही. टोक रुतून आतडे फुटले की आतली घाण मांसाला लागते, आणि म्हणूनच पाठीची रेषा टोकाकडे हलकेच उतरत जाणारा ‘ड्रॉप पॉइंट’ हा आकार शिकाऱ्यांनी पसंत केला. अमेरिकी कारागीर बॉब लव्हलेस यांच्या चाकूंमुळे तो विशेष लोकप्रिय झाला. लेखात गौरवलेला लांब पात्याचा बोवी चाकू ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या अमेरिकी जिम बोवीची ख्याती १८२७ सालच्या एका मारामारीतून पसरली. ते मुळात लढण्याचे हत्यार आहे. फिनलंडचा पुक्को आणि स्वीडनचा मोरा हे रोजच्या कामाचे चाकू मात्र जेमतेम चार इंचांच्या पात्याचे असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर कोणाचे अडलेले नाही.

पात्यावर नुसते ‘सर्जिकल स्टील’ किंवा ‘जर्मन स्टील’ असे कोरलेले असेल, तर विक्रेत्याने काहीच सांगितलेले नाही असे समजावे. पोलादाचा ठरावीक क्रमांक मागावा. १०९५ या पोलादात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. त्याला धार चटकन लागते, पण ओल राहिली की तितक्याच चटकन गंज चढतो. ४४०सी या गंजरोधक पोलादात सुमारे १७ टक्के क्रोमियम असते. ते गंजाला सहजी दाद देत नाही, मात्र दगडावर धार धरायला वेळ घेते. स्वीडिश १२सी२७ हे या दोहोंच्या मधले आणि नवख्या माणसाला सोयीचे. आपले लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून जे कोयते घडवतात, ते पोलादही मुळीच हलके नसते. त्यात कार्बन बेताचा असला तरी चिवटपणा भरपूर असतो.

पोलाद उत्तम असूनही पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, चुकले तर पाते फुकट जाते. लाल तापवून तेलात विझवलेले पोलाद कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. त्यामुळे ते पुन्हा सुमारे २०० अंश सेल्सिअसला तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या साध्या कार्बन पोलादाच्या पात्यावर त्या वेळी फिकट, वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढतो. तो जांभळ्यावरून निळ्यावर गेला की तापमान ३०० अंशांच्या घरात पोहोचले आणि धार टिकण्याजोगा कडकपणा गेला, हे कामगार लांबूनही ओळखतो. शिकारी चाकूला रॉकवेल मापाने ५७ ते ६० हा कडकपणा योग्य ठरतो. मापयंत्र हाताशी नसेल तर बारीक दात्यांची नवी कानस पात्याच्या मुठीजवळच्या कोपऱ्यावर हलकेच फिरवावी. ती घसरली तर पाणी चांगले, चावली तर पाते मऊ. दुकानदार अर्थातच याला सहसा राजी होत नाही.

मुठीकडे लोक रंग आणि नक्षी पाहतात. मुठीच्या शेवटापर्यंत पात्याचे लोखंड सलग गेले आहे का, हे आधी पाहावे. पोकळ मुठीच्या चाकूत पाते जेमतेम इंचभर आत गेलेले असते आणि जोर पडला की नेमके तिथेच तुटते. रक्ताने आणि चरबीने माखलेल्या हातातही पकड सुटू नये, इतपत खडबडीतपणा मुठीला हवा.

धार लावण्यासाठी फिरत्या चाकावर चाकू देणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. ठिणग्या उडताना धारेची पातळ कड क्षणात तापते, निळी पडते आणि तिथले पाणी उतरते. मग कितीही परजा, धार टिकत नाही. दोन बाजूंचा साधा दगड घ्यावा, तो ओला करावा आणि पाते दर बाजूला सुमारे २० अंशांच्या कोनात धरावे. पाते एक इंच रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण एक तृतीयांश इंच उचलली की हा कोन मिळतो. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला धातूची अगदी बारीक कड उभी राहते. अंगठा धारेवरून आडवा, बाहेरच्या दिशेने फिरवला की ती बोटाला अडकते. ती संपूर्ण लांबीवर जाणवेपर्यंत बाजू बदलू नये. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे राहील अशा रीतीने, पाते काही वेळा ओढावे म्हणजे ती कड निघून जाते.

रक्तात मीठ असते, त्यामुळे गंजरोधक म्हणवणारे पातेही तसेच ठेवले तर डागाळते. काम होताच ते धुऊन कोरडे करावे आणि चामड्याच्या म्यानात घालून महिनोन्‌महिने ठेवू नये. चामडे ओल धरते, आणि कमावताना त्यात राहिलेली द्रव्ये पोलाद खातात. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे दोन आठवड्यांतच दिसते. शिलाई यंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवून पाते कागदात गुंडाळावे. मांसासाठी वापरायचे असेल तेव्हा ते तेल आधी साबणाने काढून टाकावे.

कायद्याबाबत लेखात अवाक्षर नव्हते. शस्त्र नियमांत शस्त्रे म्हणून मोजलेल्या वस्तूंच्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा समावेश आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. लेखात शिफारस केलेला चाकू या मापात सरळसरळ बसतो. शिवाय एका छायाचित्रात ‘अस्सल सांबरशिंगाची मूठ’ अशी ओळ होती. सांबराच्या शिंगाचा व्यापार आपल्या देशात वन्यजीव कायद्याने बंद आहे. शिसवी किंवा बाभळीची मूठ तितकीच टिकते. पुढील पुरवणीत निदान या दोन बाबींचा खुलासा छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त उष्णोपचार पर्यवेक्षक, कोल्हापूर