सर्व्हर शांत झाला, पण बिघडला तर कळणार कसं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत घरच्या घरी स्टोरेज सर्व्हर कसा बनवायचा यावर लेख आला होता, चांगला होता, सोप्या भाषेत होता, फक्त त्यात शेवटी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी ड्राइव्ह) टाकली की आवाजही मिटला आणि काळजीही मिटली अशा अर्थाचं काहीतरी म्हटलंय तिथे मी अडकलो. आवाज मिटतो हे खरं (तेही अर्धवट, सांगतो पुढे), पण काळजीचं उलटच होतं असा माझा अनुभव आहे आणि म्हणून हे लांबलचक पत्र. कापायचं तर कापा, पण ड्राइव्ह मेली त्याचा भाग तेवढा ठेवा.

आमच्याकडे आधी दोन साडेतीन इंची हार्ड डिस्कवाला डबा होता, लाकडी कपाटाच्या वरच्या फळीवर. डिस्क ७२०० आरपीएमच्या, म्हणजे सेकंदाला १२० फेरे, आणि त्याच १२० हर्ट्झचा घुं असा बारीक सूर. नुसती डिस्क तशी फार वाजत नाही, खरं वाजतं ते कपाट, डिस्कची थरथर फळीत उतरते आणि अख्खं कपाट तंबोऱ्यासारखं गुणगुणायला लागतं. त्यात दोन डिस्कचे फेरे कधीच तंतोतंत सारखे नसतात त्यामुळे सूर एकसारखा पण नाही, चढतो, उतरतो, परत चढतो, म्हणून कानाला सवयच होत नाही. आईने त्याचं नाव भुंगा ठेवलं होतं. रात्री टीव्ही बंद झाला की पाच मिनिटांत आतून आवाज यायचा, "अरे तो तुझा भुंगा बंद कर बघू आधी!" मी फळीवर तळहात दाबून धरला की भुंगा गप्प, हात काढला की परत सुरू. शेवटी जुन्या स्लिपरचे तुकडे कापून डब्याच्या चारी पायांखाली दिले, निम्म्याहून जास्त आवाज गेला. ज्यांना नवीन काही घ्यायचं नाहीये त्यांनी हे आधी करून बघा, फुकट आहे.

तरी डोक्यात किडा होताच. मग एसएसडीवर आलो, छोटा बिनपंख्याचा मिनी पीसी, इंटेलचा एन१०० प्रोसेसर, त्यात दोन ड्राइव्ह, एकीची आरसाप्रत दुसरीवर म्हणजे मिररिंग. इथे लेखात स्पीडचे आकडे भरपूर होते आणि ते वाचून लोक उगाच महागडी एनव्हीएमई (बोर्डावर थेट बसणारी, जास्त वेगाची एसएसडी) घेतील अशी मला भीती वाटते. घरातलं नेटवर्क गिगाबिट असेल तर फाइल कॉपी होणार सेकंदाला साधारण ११० एमबीने, बास. साधी साटा (म्हणजे वायरने जोडायची जुनी पद्धत) एसएसडी ५५० च्या आसपास देते, एनव्हीएमई कित्येक हजार देते, पण नळाचं तोंड तेवढंच, टाकी केवढी का असेना. अहो, चांगली हार्ड डिस्कसुद्धा मोठी फाइल असेल तर तेवढं तोंड भरून काढते. फरक जाणवतो तो बारीकसारीक कामात, हजारो फोटोंचं फोल्डर उघडलं की हार्ड डिस्कचं हेड इकडून तिकडे पळत बसायचं, एसएसडीला पळायला काही नाहीच. शिवाय एनव्हीएमई तापते, बंद डब्यात एकावर एक दोन लावल्या तर सत्तर अंशांवर जायला वेळ लागत नाही, मग ती स्वतःच वेग कमी करते, नाहीतर तुम्ही पंखा लावता. आणि पंखा लावायचा तर मग भुंग्याने काय घोडं मारलं होतं?

पंख्याचंही लक्षात ठेवा, ४० मिमीचा छोटा पंखा किंचाळतो, १२० मिमीचा सहाशे-सातशे फेऱ्यांवर फिरवला तर कान लावूनही कळत नाही. मला अडीच इंची साटा ड्राइव्ह बऱ्या पडल्या, गार राहतात.

आता अर्धवट शांततेचं. पहिल्या रात्री सगळं जोडलं, घरात निजानीज झाली, आणि मला चीं ऐकू यायला लागलं. डब्याला कान लावला, काही नाही. ड्राइव्हना लावला, काही नाही. शेवटी जमिनीवर आडवा होऊन पॉवर अॅडॉप्टरला कान लावला तर तोच! आतली कॉइल थरथरते त्याचा हा आवाज, कॉइल व्हाइन म्हणतात, असला आवाज आधीच्या डब्यालाही असेल, पण भुंग्याखाली दबून गेला असेल. अॅडॉप्टर बदलला तेव्हा गेला. मोठा आवाज गेला की धाकटे तोंड वर काढतात, तेव्हा सर्व्हर नवीन घेऊनही काहीतरी वाजतंय असं वाटलं तर आधी अॅडॉप्टर तपासा, उगाच ड्राइव्हला बोल लावू नका.

लिहून लिहून एसएसडी झिजते ही भीती बऱ्याच जणांना असते, त्याचं एकदा गणित करा म्हणजे झोप लागेल. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट) ड्राइव्हवर ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज ५० जीबी लिहिलं, आणि घरात रोज ५० जीबी कोण लिहितो, तरी १२,००० दिवस, म्हणजे ३२ वर्षांहून जास्त. तोवर ती ड्राइव्ह जोडायला जागाच शिल्लक नसेल. क्यूएलसी म्हणजे एका सेलमध्ये चार बिट कोंबलेली ती स्वस्तातली जात, घरच्या साठ्याला तीही चालते, फक्त पहिल्यांदा सगळे फोटो एकदम ओतायला गेलात की सुरुवातीला जोरात आणि आतला कॅशे (तात्पुरती वेगवान जागा) भरला की काही ड्राइव्ह ८० एमबीच्या आसपास येऊन बसतात, मग लोकांना वाटतं नेटवर्क बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, ड्राइव्ह दमलेली असते, रात्रभर सोडून द्या.

आता मुख्य मुद्दा. हार्ड डिस्क मरायच्या आधी बऱ्याचदा बोलते, टक टक, कर्र, एखादी फाइल उघडायला नेहमीपेक्षा वेळ, आणि आपल्याला न शिकवता कळतं की काहीतरी बिनसलंय. आमच्या भुंग्यातली एक डिस्क आईनेच पकडली होती, "आज वेगळाच वाजतोय रे" म्हणाली आणि आठवड्यात ती गेली, तोवर मी सगळं उतरवून घेतलं होतं. एसएसडीचं तसं नाही. माझ्या दोनपैकी एक ड्राइव्ह एके दिवशी नाहीशीच झाली. जागेवर होती, स्क्रू लावलेली, वायर जोडलेली, पण सिस्टिमला दिसेना, जणू कधी नव्हतीच. वायर बदलली, पोर्ट बदलला, काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, काही नाही. आवाज नाही, वास नाही, ढिम्म. त्यातली खरी लाज वाटावी अशी गोष्ट ही की मला ते कळलं १९ दिवसांनी, तेही दुसऱ्याच कामासाठी सर्व्हरवर लॉगिन केलं आणि सहज झेडएफएसचं (मिररिंग सांभाळणारी फाइल सिस्टिम) स्टेटस बघितलं तर समोर डिग्रेडेड, म्हणजे एक ड्राइव्ह गेलेली. १९ दिवस अख्ख्या घराचे फोटो एका ड्राइव्हच्या भरवशावर होते आणि सगळे उघडत होते, व्हिडिओ चालत होते, कोणाला पत्ता नाही. मिररिंग इतकं चोख काम करतं की अर्धं गेलंय हेच कळत नाही, हा त्याचा गुणही आणि तोच घातही.

नवी ड्राइव्ह मागवताना मी दुसऱ्या कंपनीची मागवली, मुद्दाम. एकाच दिवशी घेतलेल्या एकाच मॉडेलच्या दोन ड्राइव्ह मिररमध्ये लावल्या तर दोघींचे तास सारखे, लिखाण सारखं, फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला प्रोग्राम) सारखं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एचपीई कंपनीने आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल सूचना काढली होती, फर्मवेअर अपडेट करा नाहीतर चालू राहून ३२,७६८ तास झाले की ड्राइव्ह बंद पडेल आणि आतला डेटाही परत मिळणार नाही. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी आकडा ओळखला असेल, २ चा १५ वा घात. असल्या दोन ड्राइव्ह एकाच सकाळी चालू केल्या असतील तर त्या जाणारही एकाच वेळी, मग आरसा कसला नि काय कसलं.

बॅकअपबद्दल लेखात एकच ओळ होती. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्हीकडून तितक्याच तत्परतेने उडतं. आणि तिसरी प्रत ठेवायला परत एसएसडी घेऊ नका. वीज न देता पडून राहिलेल्या एसएसडीतला डेटा हळूहळू विरत जातो, जेईडीईसी या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात घरगुती ड्राइव्हकडून अपेक्षा काय, तर लिखाणाची हमी संपेपर्यंत वापरून झाल्यावर ३० अंशांत वर्षभर डेटा टिकला पाहिजे. नवी ड्राइव्ह त्याहून कितीतरी जास्त टिकेल, पण ड्रॉवरमध्ये टाकून विसरून जायची ती वस्तू नव्हे. मी जुन्या भुंग्यातली उरलेली डिस्क त्या कामाला लावलीय, रविवारी दुपारी तासभर जोडतो, प्रत घेतो, काढून ठेवतो. दुपारी गुणगुणली तर कोणी काही म्हणत नाही.

हो, वीज गेल्यावरचं राहिलं. साध्या एसएसडीत बहुतेक वेळा वीज अचानक गेली तर हातातलं काम पुरं करायला लागणारे कपॅसिटर नसतात, तेव्हा छोटा यूपीएस हवाच, फक्त तो मध्यरात्री बीप बीप करून सगळ्यांना उठवतो, बऱ्याच यूपीएसचा तो बीप एनयूटी नावाच्या प्रोग्राममधून बंद करता येतो.

तर आता सर्व्हर काही बोलत नाही म्हणून त्याला बोलायला लावायचं. स्मार्टडी नावाचा प्रोग्राम ड्राइव्हच्या तब्येतीवर लक्ष ठेवतो आणि गडबड दिसली की मेल टाकतो, झेडएफएसची पण तशी सोय आहे, सेट करायला अर्धा तास. फक्त टेस्ट मेल खरंच येतोय का ते बघा, माझा दोन महिने स्पॅममध्ये जात होता. आणि सर्व्हरच बंद पडला तर मेल कोण टाकणार, म्हणून मी आधी रोज सकाळी सगळं ठीक असल्याचा मेल यायची व्यवस्था केली, पंधरा दिवसांत तो न वाचता पुसायला लागलो, एके दिवशी आलाच नाही तेही संध्याकाळी लक्षात आलं. आता ठीक असेल तर आठवड्यातून एकच मेल, रविवारी, त्या जुन्या डिस्कची आठवण करून द्यायला. आणि ड्राइव्ह गेली किंवा स्क्रबमध्ये (सगळा डेटा वाचून तपासण्यात) चूक सापडली तर मेलबरोबर एक छोटा यूएसबी स्पीकर वाजतो, दर तासाला, मी येऊन बंद करेपर्यंत. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा वेगाच्या तक्त्यातल्या दोन ओळी कमी करून एवढं तरी टाका ही विनंती.

तो स्पीकर मागच्या शनिवारी टेस्ट केला. मुद्दाम एका ड्राइव्हची वायर काढली आणि थांबलो. मिनिटभरात वाजला, चांगला खणखणीत.

आतून आवाज आला, "भुंगा परत आणलास का रे?"

आपला,
एक नियमित वाचक