बाबा, ते कन्नड पत्रक मीच लिहिलं

वडगाव, बेळगाव
8 सप्टेंबर 2021

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

निकाल तुम्हाला सोमवारीच कळला. महापालिकेच्या 58 जागांपैकी 35 भाजपला गेल्या आणि आमच्या प्रभागातून मराठी उमेदवार म्हणून उभ्या राहिलेल्या वहिनी पडल्या. "कन्नडमध्ये पत्रकं वाटल्यावर दुसरं काय होणार?" एवढंच बोलून बाबांनी फोन आईकडे दिला. दोन दिवस तेच मनात घोळतंय.

बाबा, ते पत्रक मीच लिहिलं. वहिनी तयार नव्हत्या, हट्ट माझा होता.

आमच्या प्रभागात विणकरांच्या दोन गल्ल्या आहेत, बहुतेक घरं कन्नड बोलणारी. माग घरातच, पुढच्या खोलीत. बळ्ळारी नाला फुगला की पाणी आधी तिथं शिरतं. पहिल्या दिवशी मी एका घरात मराठी पत्रक दिलं. तिथल्या आजींनी ते उलटसुलट करून पाहिलं, परत माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "ऊट आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का? मग हात धरून आत नेलं आणि भिंतीवरची ओल दाखवली. माझ्या गुडघ्याच्या वर होती. 2019 च्या पावसात सूत भिजलं, मोटार जळाली, महिनाभर माग बंद. आपल्याकडून मत मागायला आजवर कुणी त्यांची पायरी चढलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

आणि हाच नाला आपल्या लोकांचं शिवार बुडवतो. लहानपणी तुम्ही मला सायकलवरून शहापूरच्या शिवारात न्यायचात, बासमती फुलोऱ्यावर आली की रस्त्यापर्यंत वास यायचा. आता तिथं भर टाकून प्लॉट पाडलेत, लेआउटवर लेआउट. पाण्यानं जायचं कुठून? दरवर्षी रोप कुजतं, दुबार लागवड करावी लागते. शेतकरी मराठीत रडतात, विणकर कन्नडमध्ये. वहिनी निवडून आल्या असत्या तर दोघांसाठी एकाच नाल्यावर भांडायचं होतं. मग त्या आजींना त्यांना वाचता येईल असं का लिहू नये?

तुम्ही 1986 साली लाठी खाल्लीत. दर 1 जूनला मला हिंडलग्याला हुतात्म्यांना अभिवादन करायला न्यायचात, ते मी विसरलेले नाही. पण बाबा, ती लाठी कन्नड सक्तीविरुद्ध होती. त्या आजींनी माझ्यावर कसली सक्ती केली? सक्ती कुठं आहे ते मी याच प्रचारात पाहिलं. आमच्या हातात आलेली मतदार यादी कन्नडमध्ये होती. गल्लीतल्या कितीतरी बायकांना स्वतःचं नाव शोधता येईना. मी रोज रात्री बारापर्यंत बसून नावं वाचली आणि मराठीत चिठ्ठ्या लिहून दिल्या. शाळेत शिकलेलं कन्नड तिथं आपल्याच माणसांच्या कामी आलं.

आपण पत्रकामुळे हरलो नाही. यंदा पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हांवर निवडणूक झाली, आणि आमच्या प्रभागात आपल्याच माणसांचे दोन अर्ज राहिले. माघारीच्या दिवशी मी दुसऱ्या उमेदवाराच्या दारात तासभर उभी होते. ते बाहेर आलेच नाहीत. दोघांची मतं एकत्र असती तर जागा आपली होती. माझा राग त्यावर आहे, आणि तुमचाही त्यावरच असावा असं वाटतं.

आई, तुझी बी.पी.ची गोळी संपत आली असेल, घेऊन येते. उद्या दुपारच्या बसनं निघेन, चतुर्थीच्या मोदकांना हाताशी मी आहे. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिनी आपण काळा दिन पाळतो तेव्हा, काळी फीत लावून बाबांबरोबर फेरीत चालायचंय, दरवर्षीसारखं.

आणि बाबा, नाल्यातला गाळ काढावा म्हणून एक अर्ज करतोय, मराठीत आणि कन्नडमध्ये. कन्नड अर्जावर त्या आजींची सही झाली. मराठी मसुदा पिशवीत घालून आणते. तुमचं अक्षर सुंदर आहे, तो तुम्ही स्वच्छ लिहून द्याल ना?

तुमची,
माई