कॅमेऱ्यातच राहून गेलेली छायाचित्रे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्मार्टफोन आल्यावर कपाटात गेलेले छोटे डिजिटल कॅमेरे आता पुन्हा बाहेर निघू लागले आहेत. त्यांतून निघणाऱ्या छायाचित्रांचा रंग-पोत आवडणारी तरुण मंडळी ते हौसेने विकत घेत आहेत, घरात पडून असलेले कॅमेरे नात्यातल्या मुलांना दिले जात आहेत आणि काही जुन्या वस्तूंच्या बाजारात जात आहेत. या देवघेवीत एका गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. कॅमेरा हातावेगळा करताना आपण मेमरी कार्ड आठवणीने काढून घेतो आणि आपली सगळी छायाचित्रे आपल्याकडे आली असे समजतो. परंतु यांतील पुष्कळ कॅमेऱ्यांना कार्डाखेरीज स्वतःची एक लहानशी अंतर्गत मेमरी असते आणि कार्ड नसताना कधीकाळी टिपलेली छायाचित्रे तिच्यात तशीच पडून असतात.

निकॉनच्या कूलपिक्स किंवा सोनीच्या सायबर-शॉट मालिकेतील अनेक कॅमेऱ्यांत व्यवस्था अशी आहे, की कार्ड बसवलेले असेल तर छायाचित्र कार्डावर जाते आणि नसेल तर अंतर्गत मेमरीत. हा बदल कॅमेरा आपल्याला विचारून करत नाही. कूलपिक्सच्या पडद्यावर अशा वेळी ‘आयएन’ या रोमन अक्षरांची छोटी खूण दिसते, पण छायाचित्र घेण्याच्या घाईत ती कोण पाहणार? पुढची अडचण याहून मोठी आहे. टिपलेली छायाचित्रे पाहतानाही हाच नियम लागू असतो, म्हणजे कार्ड आत असेपर्यंत पडद्यावर फक्त कार्डावरचीच छायाचित्रे येतात. त्यामुळे कार्ड विसरलेल्या दिवशी घेतलेली छायाचित्रे दुसऱ्या दिवशी कार्ड घातल्याबरोबर दिसेनाशी होतात, आणि ती पुसली गेली अशी अनेकांची समजूत होते. वास्तविक कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढले आणि तो पुन्हा सुरू केला, की ती समोर येतात. कोडॅकच्या ईझीशेअर कॅमेऱ्यांत साठवण कुठे करायची याचे वेगळे सेटिंग असे. ते अंतर्गत मेमरीवर राहिले असेल तर कार्ड आत असूनही छायाचित्रे कार्डावर जात नसत.

ही मेमरी इतकी लहान का, याचे उत्तर इतिहासात आहे. 1994 साली आलेल्या ॲपलच्या क्विकटेक 100 या कॅमेऱ्याला कार्डासाठी जागाच नव्हती. त्याच्या 1 एमबी मेमरीत 640 × 480 पिक्सेलची 8 छायाचित्रे मावत आणि ती संगणकावर उतरवून घेतल्याशिवाय पुढे काही टिपता येत नसे. त्याच वर्षी सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणले, 1999 मध्ये एसडी कार्डाची घोषणा झाली, कार्डे स्वस्त होत गेली आणि अंतर्गत मेमरीचे काम अडीअडचणीपुरते उरले. पुढच्या काळातल्या छोट्या कॅमेऱ्यांत ती साधारणपणे दोन अंकी एमबींची असे. 12 मेगापिक्सेलचे एक जेपीईजी छायाचित्र 4 ते 5 एमबी जागा घेते, म्हणजे 40 एमबींच्या मेमरीत फार तर 8 ते 10 छायाचित्रे मावतात. चित्रफीत असेल तर काही सेकंदच. मात्र ही मोजकी छायाचित्रे क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाहीत. कार्ड हाताशी नसतानाही जे टिपावेसे वाटले, तेच त्यांत असते. प्रवासाच्या बॅगेत तळाशी ठेवलेल्या शिदोरीसारखी ही मेमरी आहे: तिच्यावर रोजचे जेवण होत नाही, पण वेळेला तीच उपयोगी पडते, आणि वापरून झाल्यावर ती पुन्हा रिकामी करून तयार ठेवावी लागते.

रिकामी करणे अवघड नाही. बहुतेक कॅमेऱ्यांच्या मेनूमध्ये ‘कॉपी’ हा पर्याय असतो. पुरेशी मोकळी जागा असलेले कार्ड घालून तो निवडला, की अंतर्गत मेमरीतील छायाचित्रे कार्डावर उतरतात. कूलपिक्समध्ये निवडक छायाचित्रेही उतरवता येतात आणि उलट दिशेने, म्हणजे कार्डावरून अंतर्गत मेमरीतही नेता येतात; सायबर-शॉटच्या अनेक मॉडेलांत मात्र सगळी एकदमच उतरवावी लागतात. काम सुरू असताना बॅटरी संपू नये एवढी काळजी घ्यावी. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की कॉपी केल्याने मूळ छायाचित्रे जात नाहीत. ती काढण्यासाठी कार्ड बाहेर काढून मग ‘फॉरमॅट’ करावे लागते, कारण कार्ड आत असताना हाच पर्याय कार्ड पुसतो. एकच बटण दोन वेगळ्या जागा पुसू शकते आणि कोणती पुसणार हे केवळ कार्डाच्या असण्या-नसण्यावर ठरते, ही रचना मला सदोष वाटते. म्हणून फॉरमॅट करण्यापूर्वी पडद्यावर कोणती छायाचित्रे दिसत आहेत हे पाहून घ्यावे, आणि ती आधी संगणकावर नीट उघडतात याची खात्री करावी.

जुन्या कॅमेऱ्याच्या बाबतीत कार्ड मिळवणे हीच पहिली पायरी ठरते. ज्या काळात फक्त मूळ एसडी कार्ड होते त्या काळातला कॅमेरा 2 जीबीपर्यंतचीच कार्डे ओळखतो. 2006 साली आलेल्या एसडीएचसी प्रकारात 32 जीबीपर्यंतची आणि 2009 साली आलेल्या एसडीएक्ससी प्रकारात त्याहून मोठी कार्डे येतात. आकार तोच असल्याने ती खाचेत बसतात, पण जुना कॅमेरा ती वाचू शकत नाही. अशा वेळी कॅमेरा बिघडला आहे असे समजून तो टाकून देऊ नये. लहान क्षमतेचे कार्ड घालून पाहावे. ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागे, सोनीच्या कॅमेऱ्यांना मेमरी स्टिक हे त्या कंपनीचे वेगळे कार्ड. ही कार्डे आता सहज मिळत नाहीत. तेव्हा दुसरा मार्ग यूएसबी केबलचा. मात्र अनेक कॅमेऱ्यांच्या केबलचे टोक त्या कंपनीपुरतेच वेगळे असे, आणि केबल जोडताना कार्ड आत राहिले तर संगणकावर बहुधा कार्डच दिसते, अंतर्गत मेमरी नाही.

हे सारे कॅमेरा चालू आहे तोवरच शक्य आहे, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅमेरा बंद पडला तरी कार्ड काढून दुसरीकडे वाचता येते. अंतर्गत मेमरीची चिप सर्किट बोर्डावरच पक्की जोडलेली असते, ती सामान्य माणसाला काढता येत नाही. कॅमेरा सुरूच झाला नाही तर केबलचाही उपयोग नाही. कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी आधीच थकलेली असते, चार्जर सापडत नाही, आणि असा प्रत्येक वर्षाचा विलंब आतल्या छायाचित्रांच्या मुळावर येतो.

संगणकावर उतरवतानाही एक धोका आहे. कॅमेऱ्यांमधील फाइलव्यवस्थेच्या प्रमाण नियमानुसार छायाचित्राच्या नावात चार अक्षरांपुढे 0001 ते 9999 असा क्रमांक येतो. कार्ड आणि अंतर्गत मेमरी यांचे क्रमांक अनेकदा स्वतंत्र चालतात, त्यामुळे दोन्हीकडे एकाच नावाची पण पूर्ण वेगळी छायाचित्रे असू शकतात. ती एकाच फोल्डरमध्ये टाकली आणि ‘आधीची फाइल बदलायची का’ या प्रश्नाला घाईने होकार दिला, तर पहिले छायाचित्र कायमचे जाते. दोन्ही ठिकाणची छायाचित्रे सुरुवातीला वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे.

आता खासगीपणाविषयी. कॅमेरा परक्या माणसाच्या हाती जातो तेव्हा त्याच्यासोबत आपल्या घरातील माणसांची, लहान मुलांची, कदाचित एखाद्या कागदपत्राची छायाचित्रेही जातात, आणि घेणाऱ्याने कार्डाशिवाय कॅमेरा सुरू करताच ती समोर येतात. पुसून टाकली तरी काम पूर्ण होत नाही, कारण फॉरमॅट करताना सहसा फाइलींची अनुक्रमणिका पुसली जाते. छायाचित्रांचा मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत टिकून राहतो आणि योग्य साधनांनी परत मिळवता येतो. येथे या मेमरीचा लहानपणा आपल्या पथ्यावर पडतो. फॉरमॅट केल्यावर कोऱ्या भिंतीची छायाचित्रे घेत ती काठोकाठ भरावी आणि मग पुन्हा फॉरमॅट करावी. एवढ्याने जुना मजकूर बऱ्याच अंशी झाकला जातो. काही मिनिटांचे हे काम प्रत्येक विकणाऱ्याने केलेच पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

छोट्या कॅमेऱ्याची सवय झालेल्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. भिंग बदलता येणाऱ्या बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांत छायाचित्रे साठवणारी अंतर्गत मेमरी नसते. त्यांत ‘बफर’ असतो, पण तो छायाचित्र कार्डावर लिहिले जाईपर्यंतचा क्षणिक थांबा आहे. असे अनेक कॅमेरे कार्डाशिवायही बटण दाबू देतात आणि छायाचित्र पडद्यावर दाखवतातही, मात्र ते कुठेच साठत नाही. कार्ड नसताना बटण चालू नये असे सेटिंग या कॅमेऱ्यांत असते. ते पहिल्याच दिवशी करून ठेवावे.

काही उत्पादकांनी अलीकडे अंतर्गत मेमरीला पुन्हा महत्त्व दिले आहे. 2022 साली आलेल्या लायका एम11 मध्ये 64 जीबी, तर त्याच वर्षीच्या हॅसलब्लाड एक्स2डी मध्ये 1 टीबी अंतर्गत साठवण आहे. 2025 मधील सिग्मा बीएफ या कॅमेऱ्याने तर कार्डाची खाचच काढून टाकली आणि 230 जीबी आतच दिले. लायका एम11 मध्ये एकच छायाचित्र कार्डावर आणि अंतर्गत मेमरीत एकाच वेळी साठवता येते, आणि दोन्हींचा असा जोडीने वापर मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कार्ड खराब झाले तरी छायाचित्र हाती राहते. अर्थात कॅमेराच चोरीला गेला तर दोन्ही प्रती एकदम जातात, म्हणून तिसरी प्रत बाहेर हवीच.

उत्पादकांकडून माझ्या अपेक्षा मोजक्या आहेत. कार्ड आत असतानाही अंतर्गत मेमरीतील छायाचित्रे पाहता यावीत, ‘फॉरमॅट’ निवडल्यावर कोणती जागा पुसली जाणार हे ठळक अक्षरांत विचारले जावे, आणि मालकी बदलताना आतला सर्व मजकूर खरोखर नष्ट करणारा पर्याय मेनूमध्ये असावा. जुने कॅमेरे विकणाऱ्या दुकानदारांनीही माल स्वीकारतानाच, मालकासमोर, कार्ड काढून कॅमेरा एकदा सुरू करून दाखवावा. आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पानावर या प्रक्रियेची सचित्र माहिती आली, तर ज्यांच्या घरी असा कॅमेरा आहे त्यांना तो चालू आहे तोवरच तिचा उपयोग करून घेता येईल.

आपली नम्र,
एक नियमित वाचक