नवी पिकअप घेण्याआधी

हडपसर
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. संदीप यास आबांचे अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर गाडीचा विषय काढलास, मी "बघू" एवढंच म्हणालो आणि तुझा आवाज उतरला. माझ्या 'बघू'चा अर्थ तू 'नाही' असा धरलास. तसं नाही. एवढ्या मोठ्या रकमेचं बोलणं फोनवर घाईघाईत उरकायचं नव्हतं म्हणून थांबलो. इथे ताईकडे निवांतपणा आहे, तर वही घेऊन आकडे मांडले आणि आता सविस्तर लिहितोय. सूनबाईलाही वाचायला दे. हप्ता सुरू झाला की तो तुम्हा दोघांच्या संसारातून जाणार आहे.

माझं मत आधीच सांगतो. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, धड असेल तर इंजिनाचं काम करून आपली पिकअप अजून दोन हंगाम ठेवावी. चासी गेली असेल तर एक दिवसही ठेवू नये, भंगारात घालावी.

तू सगळं इंजिनाचंच बोललास. धूर मारते, ऑइल खाते, घाटात दम टाकते. खरं आहे ते. पण इंजिन उतरवून बांधता येतं, चासी बांधता येत नाही. वेल्डिंग मारून देणारे आळेफाट्याला पुष्कळ भेटतील, पण मागच्या ॲक्सलच्या वर मारलेलं वेल्डिंग भरल्या गाडीखाली किती दिवस टिकेल, हे त्यातला एकही जण छातीठोक सांगणार नाही. आपली गाडी २०१२ ची. इतकी वर्षं तिने ओले क्रेट वाहिले, मेथी-कोथिंबिरीचं पाणी हौद्यातून खाली गळत राहिलं. ते पाणी केबिनच्या मागे आणि पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, हँगरजवळ साचतं आणि तिथेच गंज धरतो. गाडी रॅम्पवर चढव. खालून प्रेशरने धुवून घे, कारण मातीच्या थराखाली काहीच दिसत नाही. वाळली की छोटी हातोडी घेऊन चासीवर पुढून मागे ठोकत जा. धड लोखंड टणटण वाजतं, कुजलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि हाताला पापुद्रे लागतात. नुसता वरवरचा तांबूस गंज असेल तर घाबरू नकोस. तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर आणि काळा रंग मारला की तो पुढे सरकत नाही. पण पापुद्रे सुटत असतील, किंवा रिव्हेटच्या भोकापासून निघालेली बारीक चीर दिसली, तर विषय तिथेच संपला. हे मिस्त्रीवर सोडून चहाला जाऊ नकोस. स्वतः गाडीखाली जा, हातात बॅटरी घे आणि डोळ्यांनी बघ. त्या गाडीत तू बसतोस, कधी शाळा सुटल्यावर छकुलीही बसते.

चासी पास झाली तर मग इंजिन. गरम इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघड. आतून फकफक धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा आणि लायनर गेले असं समज. मागच्या धुराचा रंगही बघ. काळा असेल तर एअर फिल्टर, नोझल, पंप यांच्यावर भागू शकतं. निळसर असेल तर ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघायला सांग. आपली निळा मारते म्हणालास, म्हणजे इंजिन उतरवावंच लागेल. मिस्त्रीने तुला ८० हजार सांगितलेत. त्यात पाटे-बुशचं काम २५ हजार धर आणि टायरना ३० हजार धर. झाले १ लाख ३५ हजार. रक्कम ऐकून तुला वाटतं, एवढे पैसे जुन्या गाडीत कशाला ओतायचे, तेवढ्यात नवीचं डाउनपेमेंट होतंय. इथेच आपला हिशेब चुकायला नको.

नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या पुढेमागे जाते. लाखभर आपण भरले आणि नऊ लाखांचं कर्ज घेतलं, व्याज १० टक्के, मुदत पाच वर्षं, तर हप्ता बसतो १९,१०० च्या जरा वर. पाच वर्षांत परतफेड होते साडेअकरा लाखांच्या आसपास. म्हणजे जुन्या गाडीचं जे सगळं काम तुला डोईजड वाटतंय, ते नव्या गाडीचे सात हप्ते आहेत. आठव्या महिन्यापासून पुढचे त्रेपन्न हप्ते मोकळेच राहतात.

तू म्हणशील, नवी ॲव्हरेज जास्त देते. देते. महिन्याला तीन हजार किलोमीटर धरू. आपली भरून ११ देते, नवी १४ देईल असं मानू. जुनीला २७३ लिटर लागलं, नवीला २१४. वाचलं ५९ लिटर, नव्वद रुपयांनी साधारण ५,३०० रुपये. ही बचत खोटी नाही, पण १९ हजारांच्या हप्त्यापुढे ती चौथ्या हिश्शाच्या जराच वर जाते. विम्याचंही तसंच. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टीचा मूळ दर १६,०४९ रुपये आहे, गाडी जुनी असो की नवी. फरक एवढाच की कर्जाच्या गाडीला फुल इन्शुरन्स घ्यावाच लागतो, आणि नव्या गाडीचा तो बराच जास्त बसतो.

शोरूममधला पोरगा तुला "सात टक्क्यांत करून देतो" म्हणाला, ते तू फार आनंदाने सांगितलंस. त्याला एकच विचार: सात टक्के फ्लॅट, की घटत्या बाकीवर? फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं पूर्ण नऊ लाखांवर व्याज, तू मुद्दल फेडत आलास तरी. नऊ लाखांवर सात टक्के फ्लॅटने पाच वर्षांचं व्याज ३ लाख १५ हजार होतं आणि हप्ता २०,२५० रुपये. वर मी मांडलेल्या घटत्या बाकीच्या दहा टक्क्यांपेक्षा तो महाग पडतो. टक्का ऐकू नकोस, हप्ता किती आणि एकूण किती भरायचे ते कागदावर लिहून माग. लिहून देत नसेल तर तिथून ऊठ.

आता २०२३ आठव. जुलैत नारायणगावला टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला. आपल्या पट्ट्यात कितीतरी जणांनी त्या पैशावर नव्या गाड्यांचं बुकिंग केलं. सप्टेंबर उजाडला आणि तोच टोमॅटो लोकांवर रस्त्याकडेला ओतायची वेळ आली, तोडणीची मजुरीही सुटेना. टोमॅटो असाच आहे, मी जन्मभर बघत आलोय. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यानेच आपलं घर उभं केलं. पण फायनान्सवाल्याची तारीख बाजारभाव बघून पुढेमागे होत नाही. तुझ्याकडे दुसऱ्याच्या मालाचं भाडं बाराही महिने बांधून मिळालेलं असतं, एखाद्या कंपनीचा किंवा दूध संघाचा करार असता, तर मी आजच म्हणालो असतो, घे. आपलं उत्पन्न एप्रिलला उन्हाळी माल सुरू झाला की येतं, पावसाळी प्लॉट साधला तर दिवाळीपर्यंत रेटतं आणि मग आटतं. आटलेल्या महिन्यांतला हप्ता कुठून येणार, हे मला तुझ्या बोलण्यात कुठे ऐकू आलं नाही.

तुझीही बाजू मला कळते. गेल्या पावसात माळशेजमध्ये क्लच प्लेट गेली, धुक्यात आणि पावसात तू क्रेट दुसऱ्या गाडीत चढवलेस आणि वाशीला पोचेपर्यंत पहाटेचा बाजार होऊन गेला होता. त्या दिवशी क्लचच्या खर्चापेक्षा मालाचं नुकसान जास्त झालं, आणि रात्रभर आई घरी जागी होती. जुन्या गाडीचा खरा खर्च गॅरेजच्या बिलात येत नाही, तो अशा रात्रीत असतो. म्हणून मला वाटतं, या दोन हंगामांत वाशीची फेरी आपल्या गाडीने करूच नकोस. चार शेजारी मिळून भाड्याची गाडी करा, माल एकत्र पाठवा. आपली गाडी शेत ते नारायणगाव, ओतूर, जुन्नर एवढीच चालव. तिथे बंद पडली तरी अर्ध्या तासात मिस्त्री येतो आणि माल त्याच दिवशी विकला जातो.

शिवाय या जवळच्या कामाला नवी गाडी किती सोयीची, तेही नीट चौकशी करून बघ. एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या बीएस-६. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. गाडी मोठ्या रस्त्यावर सलग पळाली, सायलेन्सर पुरेसा तापला की ती काजळी जळून जाते. आपलं काम म्हणजे बांधावरून निघायचं, दहा-वीस किलोमीटर जायचं, मार्केटच्या लायनीत इंजिन चालू ठेवून उभं राहायचं. अशा चालवण्याने जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि मग आपला मिस्त्री हात वर करतो. तपासणीचं मशीन लावायला कंपनीच्या वर्कशॉपलाच जावं लागतं. नव्या गाड्या वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. ब्रेक चांगले, स्टिअरिंग हलकं, उजेड भरपूर. लांबच्या फेरीला त्याच बऱ्या, आणि तू लांबचं भाडं धरायचं ठरवलंस तर माझा विचार बदलेल.

कागदांचंही सांगतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, लागते, वर आपल्या राज्यात पर्यावरण कर. पुढच्या वर्षी गाडीला पंधरा पूर्ण होतील, आणि वय वाढेल तशी पासिंगची फी चढते, हे धरूनच मी दोन हंगाम म्हणतोय, पाच म्हणत नाही. चावडीवर कुणी सांगितलं की दिल्लीसारखी आपल्याकडेही जुनी डिझेल गाडी बंद होणार, तर त्याच्यावर जाऊ नकोस. ती अट दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या भागापुरती आहे. नंबरची पाटी मात्र बदलून घे, एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला ती नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लागते. पुढे गाडी काढायची वेळ आली तर भंगारवाल्याला उघड्यावर देऊ नकोस. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात दिली की जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या रोड टॅक्समध्ये १५ टक्क्यांपर्यंत सूट आहे.

"आत्ता घेतली तर स्वस्त, जीएसटी उतरलाय" असंही तू म्हणालास. उतरलाय खरा, गेल्या २२ सप्टेंबरपासून २८ चा १८ टक्के झाला. पण ती महिनाअखेरीची ऑफर नाही. दोन वर्षं थांबलास म्हणून तो तुझ्यासाठी परत वाढवणार नाहीत.

सेकंडहँडचं तू विचारलं नाहीस, तरी कुणी ना कुणी हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्याने ओढून आणलेली गाडी दाखवायला येईलच. आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरलाय का, दंडाच्या पावत्या किती थकल्यात, हे आधी बघायचं. मीटर साठ हजार दाखवतोय आणि ब्रेक पेडलचा रबर झिजून गुळगुळीत झालाय, तर मीटर मागे फिरवलेला आहे, तिथे वेळ घालवू नकोस.

आता माझं सांगणं ऐक. सोसायटीत किंवा बँकेत वेगळं खातं उघड. या महिन्यापासून नवी गाडी घेतलीच आहे असं धरून दर महिन्याच्या पाच तारखेला त्यात १९ हजार टाक. गाडीच्या कामाचे सात महिने त्यातूनच वळते कर, मग पैसे साठू दे. माल नसलेल्या महिन्यांतही न चुकता पडले, तर दोन हंगामांनी तुझ्याकडे तीन लाखांच्या वर रक्कम असेल. तेव्हा कर्ज नऊचं नाही, सहा-सात लाखांचंच घ्यावं लागेल, आणि मी स्वतः तुझ्याबरोबर शोरूमला येईन, जामीन लागला तर सही करीन. आणि मध्येच दोन-तीन महिने पडले नाहीत, तर कुठल्या महिन्यात अडलं ते तुला घरच्या घरी कळेल, वसुलीवाल्याकडून नाही.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टरांनी अजून आठवडाभर वाकायचं नाही म्हणून सांगितलंय, त्यामुळे आम्ही २५ तारखेच्या सुमारास येऊ. तोवर शोरूमला बुकिंगचे पैसे देऊ नकोस आणि मिस्त्रीलाही इंजिन उघडायला सांगू नकोस. आधी रॅम्प. धुतल्यावर खालचे फोटो काढून ताईच्या मोबाइलवर पाठव, हँगरजवळचे जरा जवळून काढ. विहिरीच्या मोटरचं बिल कपाटात वरच्या खणात ठेवलंय, तेवढं या आठवड्यात भरून टाक.

तुझे,
आबा